पावणेपंधराचा गळा

आमच्या कंपनीत पाण्यात उतरण्याआधी अपमान करून घ्यावा लागत असे. नियमांच्या वहीत तसं कुठे लिहिलेलं नव्हतं, पण मास्तरांच्या हातून पास व्हायचं तर दुसरा रस्ता नव्हता. अंगात रबरी सूट, सूटमध्ये हवा भरलेली, आपण पुरीसारखे फुगून स्टुलावर बसलेले, आणि मास्तर दाढीच्या ब्रशने आपल्या मानेभोवती साबणाचा फेस लावतायत. फेस लावून झाला की चष्मा नाकावर खाली ओढून ते अगदी प्रेमाने विचारायचे, की बायको गेल्या महिन्यात माहेरी गेली होती, ती परत आली की तिथेच सुखात आहे? माणूस उसळायचा. मान वळवून, शिरा ताणून काहीतरी बोलायला जायचा. मास्तर त्याच्या तोंडाकडे ढुंकूनही बघत नसत. त्यांचं लक्ष मानेवरच्या फेसाकडे. बुडबुडा आला नाही तर पास, आला तर सूट काढ आणि उद्या ये.

आमचं काम डायव्हिंगचं. असं सांगितलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे लगेच निळं पाणी आणि रंगीत मासे येतात. आमच्या वाट्याला यायच्या त्या पंपिंग स्टेशनच्या विहिरी, गाळात रुतलेली लोखंडी दारं, प्लास्टिकने गच्च झालेल्या जाळ्या आणि खाडीखालून जाणारे पाइप. पाणी असं की काठावरचा माणूसही नाकाला रुमाल लावून उभा राहील. अशा पाण्यात साधा सूट घालून उतरायचं म्हणजे आधी दवाखान्यात नाव घालून यायचं. म्हणून आमचे सूट कोरडे. बुटांपासून मानेपर्यंत एकसंध रबर, आतला माणूस आत आणि बाहेरचं पाणी बाहेर. त्या सूटला मोजून तीन तोंडं, दोन मनगटांची आणि एक मानेचं. मनगट बिचारं गरीब असतं, ठेवाल तसं राहतं. मान वळते, आवंढा गिळते, बोलते, मध्येच ताठ होते. तिच्याभोवती बसणारी जी रबराची पातळ कॉलर असते, तिच्यातून एक थेंब आत शिरला की त्याच्यामागून अख्खा नाला येतो. त्या कॉलरला बाकीचे सगळे सील म्हणायचे. मास्तर 'गळा' म्हणायचे, कारण ते मुळात शिंपी होते.

गोरेगावच्या स्टुडिओंमध्ये त्यांनी पंचवीस वर्षं हिरॉइनींचे ब्लाउज शिवले. ज्या ब्लाउजला पुढे बटण नाही आणि मागे पाठ नाही, तो नाचताना अंगावर कसा टिकतो, हे आपल्याखेरीज फार तर परमेश्वराला ठाऊक असेल, असं ते म्हणत. आमच्या मालकीणबाई त्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. परदेशातून आणलेल्या सूटांचे गळे एकामागून एक फाटायला लागले, दुरुस्तीला पाठवले की चार-चार महिने परत येईनात, तेव्हा त्या मालकांना म्हणाल्या, माझ्या मास्तरांनी आजवर एक गळा बिघडवलेला नाही, त्यांना दाखवा. मालकांचं निम्मं आयुष्य जहाजांच्या पोटाखाली गेलेलं. त्यांना ही थट्टाच वाटली. पण मास्तर आले. अंधेरीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या आमच्या गाळ्यात टेबलावर सूट पसरलेला होता. त्यांनी तो उलटापालटा केला, फाटलेल्या कडेवर अंगठा फिरवला आणि थेट मालवणीत विचारलं, "ह्यो गळो कोणी कापलो? पेपर कापूक बसलेलो काय?" कापला होता खुद्द मालकांनी. दुसऱ्या दिवसापासून मास्तर नोकरीवर रुजू झाले.

एरवी ते आमच्यासारखंच मुंबईचं मराठी बोलायचे. मालवणी दोनच वेळा बाहेर पडायची, गाववाला भेटला की किंवा जीव वरखाली झाला की. गंमत अशी की मालवणच्या किनाऱ्यावर जन्मून ह्या माणसाला पोहता येत नव्हतं. समुद्राशी त्यांचा संबंध ताटातल्या माशापुरता. कामाच्या जागी या म्हटलं की त्यांचा गुडघा दुखायला लागायचा. मालकांनी एकदा त्यांना आग्रहाने ठाण्याच्या खाडीत होडीत बसवलं, तर परत येईपर्यंत मास्तर डोळे मिटून बसले होते आणि नंतर आठवडाभर मालकांशी कामापुरतं बोलत होते.

माणसाचं नाव त्यांच्या लक्षात राहत नसे. मानेचा घेर राहायचा, इंचांत. मी पावणेपंधरा. आमचा सगळ्यात जुना डायव्हर, गोराईचा एक कोळी, तो साडेसोळा. मालक सतरा, पण हे ते मालकांच्या पाठीमागे बोलायचे. "पावणेपंधरा, चहा सांग रे," अशी हाक आली की मी उठायचो. टेप न लावता लांबूनच आकडा सांगायचे आणि तो चुकलेला मी पाहिलेला नाही. एकदा मेट्रोत माझ्या शेजारी उभं राहून त्यांनी अख्ख्या डब्याच्या माना वाचून दाखवल्या होत्या. एका बाईंनी पदर वर ओढून घेतला आणि पुढच्या स्टेशनला त्या दुसऱ्या दाराशी गेल्या. मास्तर मला म्हणाले, साडेबारा, पण ब्लाउज तेराचा शिवलाय.

नवा रबरी गळा फार घट्ट असतो. तसाच चढवला तर मानेच्या शिरा दबून माणसाला भोवळ येते, आणि सैल करावा म्हणून एकदम मोठा कापला तर संपलंच. त्याच्यावर गोल गोल रेघा असतात. मास्तर एका वेळी एकच रेघ कापायचे. कापताना श्वास रोखून धरायचे आणि कात्री मध्ये न थांबवता गोल फिरवायचे, कारण कात्री थांबली तिथे बारीक खाच पडते आणि उद्या रबर तिथूनच फाटतं. त्या वेळात कुणी शिंकलं तरी ते दिवसभर बोलून दाखवायचे. मग तो गळा त्याच मापाच्या भांड्यावर चढवून दोन दिवस ठेवायचा, म्हणजे थोडा सैलावतो. त्यासाठी टेप खिशात घालून ते भांड्यांच्या दुकानात जायचे आणि दुकानदाराला सांगायचे, पावणेपंधराच्या घेराची बरणी दाखवा. आत किती मावतं म्हणून दुकानदाराने विचारलं की म्हणायचे, आत काही घालायचं नाही, ही आमच्या पोराची मान आहे. गाळ्यातल्या फळीवर बरण्या, तांब्ये, एक तुपाचं सट, असे आम्ही सगळे डायव्हर काळ्या कॉलरी घालून ओळीने उभे होतो. माझी बरणी लोणच्याची होती, टवका उडालेली. मला त्याचा राग होता.

तेलाचं आणि त्यांचं हाडवैर. खोबरेल लागलं की रबर चिकट होऊन कुजतं, म्हणून गाळ्याच्या दारात ते प्रत्येकाचं डोकं हुंगायचे. आमच्यापैकी निम्म्यांच्या आया सकाळी पकडून डोक्यावर तेल थापणाऱ्या. मास्तर हुंगायचे, नाक मुरडायचे आणि बाहेरच्या नळाकडे बोट दाखवायचे. तिथे सुतळीला साबण टांगलेला असे. रबर मानेवरून सरकावं म्हणून पावडर लागते, तीही बिनवासाची. एकदा एकाने हुशारी करून कॅरमची पावडर लावली. त्याला मास्तरांनी दिवसभर सोंगटी म्हणून हाक मारली.

गळ्यात काही म्हणता काही चालत नसे. चेन, काळा दोरा, ताईत, माळ, सगळं काढायचं. दोऱ्याएवढी फट राहिली तरी पाण्याला ती पुरते. आमच्यातला एक जण ह्यावर अडून बसला होता. आईने बांधलेला दोरा, पाण्यात जाताना तो काढायचा म्हणजे नेमकी गरज असते तेव्हाच देवाला घरी बसवायचं. मास्तरांनी वाद घातला नाही. त्यांनी भिंतीवर खिळे ठोकले, प्रत्येक खिळ्याखाली मानेचा आकडा लिहिला आणि आपापला देव तिथे टांगायला सांगितला. गाळ्यात रबराच्या सोल्यूशनचा वास कोंडलेला, उदबत्ती लावली असती तर देवासकट सगळे वर गेलो असतो, म्हणून वर एक झिरोचा बल्ब बसवला. माणूस पाण्यात गेल्याचा फोन आला की बल्ब लावायचा आणि वर आल्याचा फोन आला की मालवायचा. देव ड्युटीवर आहे, असं ते म्हणायचे. त्यानंतर दोऱ्यावरून कुणी तक्रार केली नाही.

गोराईच्या साडेसोळाने मात्र त्यांना घाम फोडला. हा गडी श्रावणभर दाढी करायचा नाही, आणि आमचं जाळ्या साफ करायचं काम श्रावणातच तुंबलेलं. दाढीच्या खुंटावर रबर कधीच नीट बसत नाही, प्रत्येक केसाच्या बाजूने पाणी वाट काढतं. मालक म्हणाले, दाढी काढ. तो म्हणाला, नोकरी सोडतो. मास्तरांनी शिंप्याचा खडू काढला आणि त्याच्या मानेवर, हनुवटीच्या खूप खाली, दोन रेघा मारल्या. एवढीच चार बोटं पट्टी भादरायची, वरची दाढी देवाची, खालची कंपनीची. तो ऐकेना. तेव्हा पाण्याच्या नावाने गुडघा दुखणारा हा माणूस बोटीने गोराईला गेला आणि त्याच्या आईलाच विचारून आला. म्हातारी म्हणे हसत सुटली. देव काय टेप घेऊन बसलाय का, असं तिने विचारलं. त्या श्रावणात साडेसोळा गळ्याभोवती गुळगुळीत पट्टी आणि वर भरघोस दाढी घेऊन फिरत होता, आणि ही कसली नवी फॅशन म्हणून गोराईची पोरं त्याला विचारत होती.

आता माझं सांगतो. अपमानाची पद्धत कंपनीत पहिल्यापासून नव्हती, ती माझ्यामुळे सुरू झाली. त्याआधी टेस्ट साधी होती. फेस लावला की मान सावकाश उजवीकडे, सावकाश डावीकडे, एक आवंढा, झालं.

मी तेव्हा वरचा माणूस होतो. खाली उतरलेल्याची दोरी आणि हवेची नळी काठावरून सांभाळायची. डायव्हिंगचं सर्टिफिकेट घरात फ्रेम करून लावलेलं आणि हातात दोन वर्षं दोरी. अखेर मालकांनी सांगितलं, पावसाळ्याआधी गळा पास करून घे, पहिलं काम तुला देतो, नाहीतर दोरीवरच राहायची तयारी ठेव. मला दोरीवर राहायचं नव्हतं. खाली काय आहे हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा मला वीट आला होता.

पहिल्या टेस्टला मी पुतळ्यासारखा बसलो. मास्तर फेस लावून माझ्या मागे गेले आणि म्हणाले, मागे बुडबुडा आलाय, नापास. आपली मान मागून आपल्याला दिसत नाही. मी गपचूप सूट काढला. दहा दिवसांनी दुसरी टेस्ट. पुन्हा मागेच बुडबुडा. मास्तर माझ्या डोळ्यांत बघत नव्हते, पण मला वाटलं, आपलाच गळा वाईट म्हणून त्यांना वाईट वाटतंय. घरी येऊन मी दोन आरसे समोरासमोर धरून मागची मान बघत बसलो. आई म्हणाली, पोर वेडं झालं.

तिसऱ्या टेस्टला गाळ्यात आम्ही दोघंच होतो. मास्तरांनी फेस लावला, पण मागे गेले नाहीत. समोर स्टूल ओढून बसले, ब्रश मांडीवर ठेवला आणि एकदम मालवणीवर आले.

"तुझो बापूस माझ्याकडे इल्लो. माका म्हणालो, पोराक पाण्यात सोडू नको, कायतरी करून अडव. मी तुका दोनदा खोटोच नापास केलंय."

बाबा शेजारच्याच इस्टेटच्या गेटवर वॉचमन होते. मास्तर आणि ते एकाच टपरीवर चहा पितात, गावच्या गजाली करतात, हे मला माहीत होतं. पण घरी मी बाबांना सांगितलं होतं की सर्टिफिकेट नावाला, मी कायम दोरीच धरणार. त्यांना खरं कळलेलं होतं आणि त्यांनी ते माझ्याशी न बोलता मास्तरांशी मिटवलं होतं. माझं डोकंच फिरलं. मी स्टुलावरून उठलो आणि ओरडलो, "मास्तर, मी काय शाळेत आहे काय? बापाने चिठ्ठी दिली की घरी पाठवायला?" आणखीही बरंच बोललो. दोन वर्षांचं साचलेलं होतं, ते सगळं बाहेर आलं. त्यांच्या वयाचाही मान ठेवला नाही, त्याची आज लाज वाटते.

मास्तर ऐकतच नव्हते. ते माझ्या मानेकडे बघत होते. मग उठले, अगदी जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "आता बोललास ना, ते परत बोल. तसंच बोल, रागात."

मी म्हटलं, काय?

"बापसाचा परत बोल."

मी परत ओरडलो. डाव्या बाजूला, कंठाच्या शेजारी, फेसात एक बुडबुडा आला. त्याच्यामागून दुसरा. मग एक अख्खी रांग. समोरच्या भिंतीवरच्या आरशात मी तो पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. राग आला की माझ्या मानेच्या दोन शिरा दोरखंडासारख्या वर येत होत्या, त्यांच्या मधे खोलगट वाट पडत होती आणि रबर त्या वाटेवर नुसतं पुलासारखं ताणलेलं राहत होतं. खालून हवा खुशाल बाहेर येत होती. पाण्यात ह्याच वाटेने नाला आत आला असता.

मास्तर मटकन खाली बसले. त्या दिवशी खरं बोलून मोकळं व्हायचं आणि मला पास करायचं, असं ठरवून ते आले होते. मी शांत बसलो असतो तर शिक्का बसला असता. खाली दार अडकलं, जोर लावावा लागला, मान ताठली, की मेलो होतो. मालवणीत ते स्वतःलाच शिव्या घालत होते. इतकी वर्षं बसलेली मान मापत आलो, बसलेली मान कधी पाण्यात जाते काय, असं काहीतरी. माझा राग कुठल्या कुठे गेला. मी नळावर जाऊन त्यांच्यासाठी पाणी आणलं. माझ्या अंगात अजून फुगलेला सूट होता, त्यामुळे ग्लास त्यांच्या हातात द्यायला मला तीनदा झुकावं लागलं.

घरी त्या आठवड्यात बाबा आणि मी एकमेकांशी बोललो नाही. आई एकाचं ताट वाढायची, मग दुसऱ्याचं. खरं सांगायचं तर मला बाबांची भीती कळत होती. त्यांच्याबरोबर गेटवर असलेला एक सोबती एका पावसाळ्यात कमरेएवढ्या पाण्यातून घरी चालत गेला होता. पायाला साधं खरचटलेलं होतं. लेप्टोचा ताप चढला, आठवड्याभरात माणूस गेला. त्याची खुर्ची बाबांच्या शेजारी बरेच दिवस तशीच होती. ते पाणी रस्त्यावरचं होतं, आणि मी तर ते जिथे जमा होतं त्या विहिरीत उतरायला निघालो होतो. कळत होतं, पण बोलायला जीभ उचलत नव्हती.

मास्तरांनी माझ्यासाठी नवा गळा घेतला. ह्या वेळी एक रेघ कमी कापली आणि तो सूटवर दोन बोटं खाली बसवला, जिथे मान गोल होते आणि शिरा कितीही उठल्या तरी मधे वाट पडत नाही. चिकटवून दोन दिवस वाळत ठेवला. चौथ्या टेस्टला मी बसलो, पण आता मला राग कसा आणायचा हा प्रश्न होता. बापाचं वापरून झालं होतं. मास्तरांनी माझ्या उंचीवर बोलून बघितलं, नोकरीवर, लग्न जमत नाही त्याच्यावर. मी हसत होतो. मग त्यांनी खांदे उडवले, ब्रश धुवायला घेतला आणि जाता जाता सहज म्हणाले, "बाकी काय बोला, तुझ्या आवशीच्या तिखल्यात सोलां कमी असतत. माका तर आंबटच लागणा नाय."

बाबांच्या डब्यातलं, कोकमाची सोलं घातलेलं बांगड्याचं तिखलं हा माणूस गेली पाच वर्षं खात होता. मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. फेस तसाच पांढरा, घट्ट, एक बुडबुडा नाही. मास्तरांनी पासचा शिक्का मारला, आणि आईच्या तिखल्याबद्दलचे शब्द मी त्यांना दोनदा परत घ्यायला लावले.

मग त्यांनी जे केलं ते कुणालाच अपेक्षित नव्हतं. ते बाबांच्या गेटवर गेले आणि सांगून आले, तुझ्या शब्दाखातर मी पोराला खोटं नापास केलं, आणि तो खराच नापास निघाला. आता खरा पास झालाय. तुला पटत नसेल तर ये, तुझ्या हाताने बघ.

काम देवनारच्या अलीकडचं, खाडीच्या कडेला असलेल्या एका पंपिंग स्टेशनमध्ये. खाली एक लोखंडी दार गाळात अडकलं होतं, त्याला साखळी बांधायची होती. सकाळी आम्ही पोहोचलो तर काठावर मास्तर उभे. पांढरा लेंगा, नाकाला रुमाल, कठड्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. त्यांच्या शेजारी बाबा, ड्युटी बदलून घेऊन, गणवेशातच. माझ्याशी ते काही बोलले नाहीत. साडेसोळाने माझी दोरी घेतली, मास्क बसवला, आणि मी शिडी उतरलो.

खाली काही दिसत नाही. डोळे उघडे ठेवले काय आणि मिटले काय, सारखंच. सगळं हाताने. दार सापडायला वेळ लागला, साखळी दोनदा सुटली, तिसऱ्यांदा मी पाय रोवून असा जोर लावला की दातावर दात बसले, आणि नेमकं तेव्हा मानेपाशी काहीतरी ओलं ओघळल्यासारखं वाटलं. आता वर जावं की साखळी अडकवावी? मी अडकवली. मग वर येईपर्यंत तो ओघळ छातीवरून पोटापर्यंत जाताना मला जाणवत होता आणि डोळ्यांपुढे ती रिकामी खुर्ची होती.

वर आल्यावर मला औषधाच्या पाण्याने आणि मग साध्या पाण्याने धुतलं. टॉवेलने पुसलं, मास्क निघाला, टोपी निघाली. बाबा कुणाला न विचारता पुढे आले. त्यांनी माझ्या गळ्यात दोन बोटं घातली आणि बाहेर काढून बघितली. बोटं ओली होती.

"ओला आसा," ते म्हणाले.

मी म्हटलं, घाम असेल. पण माझाच मला भरवसा नव्हता. बाबा मास्तरांकडे वळले. तेव्हा मास्तरांनी कठडा सोडला, नाकावरचा रुमाल खिशात घातला आणि माझ्यापाशी आले. उजव्या हाताची बोटं रबराच्या खाली घालून ती डाव्या बाजूने कंठाभोवती फिरवली, मागपर्यंत नेली, बाहेर काढली, आणि सरळ तोंडात घातली.

साडेसोळाने दुसरीकडे तोंड फिरवलं. मास्तर डोळे मिटून, कालवणाचं मीठ बघावं तसे, घाई न करता चव घेत होते. मला वाटलं ते कधी डोळे उघडणारच नाहीत.

"घाम आसा," ते म्हणाले.

बाबा त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतःच्या त्या दोन ओल्या बोटांकडे बघितलं आणि ती जिभेला लावली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला त्यांना एकच हात मोकळा होता. मी तिथेच कोब्यावर बसलो. बाबा गणवेशाची पर्वा न करता माझ्या शेजारी बसले. बऱ्याच दिवसांनी ते माझ्याशी बोलले.

"खाली मासो दिसलो काय रे?"